त्या गायल्या हो, गायल्या!

"हळू बोल गं, देव काही बहिरा नाही!" असं आई सांगायची. ते मी इतकं पाळलं, की आमचे हे शेजारच्या खुर्चीवरून "काय?" विचारतात.

रोज एकाचे आभार मानल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, असं माझं व्रत आहे. त्या दिवशी ठरवलं, आज आपल्या लाडक्या बाईंची पाळी! जुन्या हिंदी चित्रपटांत अमृतासारखं गाऊनही ज्यांचं गाणं रेडिओवर हमखास दुसऱ्याच गायिकेच्या नावावर लागतं, त्या बाई. माझी मुलगी बरीच मोठी होईपर्यंत बोलत नव्हती. बोलली ती थेट त्यांच्या गाण्याची ओळ! असे उपकार फिटतात का कधी?

मी रेडिओला फोन लावला. नाव सांगितलं, गाणं सांगितलं.

"पण हे गाणं त्यांचं आहे?" निवेदक म्हणाला.

"हो, त्याच गायल्या."

"काय? त्या गेल्या?"

"गायल्या हो, गायल्या!"

"अरेरे! कधी?"

"फार पूर्वी."

"फार पूर्वी! आणि आम्हाला आज कळतंय!"

फोन बंद. पुन्हा लावला, तर दुपारपर्यंत लागेचना! तिकडे रेडिओनं बातमी देऊन टाकली आणि अख्खं गाव हुंदके देत होतं. "काय गळा होता! कदर झाली नाही हो!"

हे डोळे पुसत आले. "अगं, तुझ्या बाई गेल्या!"

"गेल्या नाहीत. मीच मारलं त्यांना!"

हे मटकन खाली बसले.

इतक्यात फोन वाजला. आवाज थकलेला, पण सुरातला. "रेडिओवाल्यांनी नंबर दिला. मला मारणाऱ्या तुम्हीच का?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "क्षमा करा, मला नुसते आभार—"

"अहो, क्षमा कसली! सकाळपासून माझीच गाणी लागतायत, तीही माझ्या नावानं! फक्त तुम्ही सांगितलेल्या गाण्याचं तिसरं कडवं कुणी लावत नाही. ते तबकडीवर मावलंच नव्हतं, पडद्यावरच राहिलं. आता मलाही आठवत नाही."

"मला येतं. माझी मुलगी पहिलं बोलली, ती ओळ त्यातलीच."



"मग आज येऊन म्हणून दाखवाल? आभार तेव्हाच माना. जरा मोठ्यानं!"

"येते," मी म्हणाले आणि पत्ता लिहून घेतला.

तेवढ्यात रेडिओवर निवेदक आनंदानं ओरडला, "बाई ठणठणीत आहेत! त्या आनंदात ऐकू या त्यांचंच एक अजरामर गाणं!"

आणि गाणं लागलं ते दुसरीचं.

"चूक कळवू का?" ह्यांनी फोनकडे हात नेला.

"नको! आज ह्या घरातून रेडिओला कुणीही काहीही कळवायचं नाही!"

मी चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि तिसरं कडवं पुटपुटत जिना उतरू लागले.