मे महिन्यातला कोट

चंद्रपुरात मे महिन्यात लोकरी कोट घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. आमच्याकडे त्या दिवसांत माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा टाकून घराबाहेर पडतात. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही म्हणतात. गुणवंतभाऊही कांदा ठेवायचे, पण कोटाच्या आतल्या खिशात. नात्यात लग्न निघालं की तो काळा कोट पेटीतून निघालाच म्हणून समजा. कानामागून घामाच्या धारा लागायच्या, चेहरा लालबुंद व्हायचा, आणि कोणी काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं, "लोकाइसारखं कराले लोकं हायेत ना."

हा कोट आमच्या लग्नातला. आमच्या म्हणजे दोघांच्याही, कारण दोघी बहिणींची लग्नं एकाच मांडवात झाली. थोरली शालू माझी, धाकटी माया त्यांची. सासूबाईंनी दोन्ही जावयांना एकाच ताग्यातले कोट शिवून घेतले, तेही त्यांच्या गावच्या, चिंचटोल्याच्या शिंप्याकडून. त्या शिंप्याने त्याआधी कधी कोट शिवला नव्हता आणि त्यानंतर त्याला कोणी शिवू दिला नाही. त्याच्याकडे बटणं कमी पडली, म्हणून दोन्ही कोटांच्या डाव्या बाहीवर तीन आणि उजव्या बाहीवर दोन बटणं आहेत. माझा कोट मी पाच वर्षांनी भांडेवालीला देऊन बदल्यात स्टीलचा गंज घेतला. त्यात आमच्याकडे रोज दूध तापतं. या बाबतीत तरी मी गुणवंतभाऊंपेक्षा हुशार ठरलो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बाकी कुठल्याच बाबतीत मला तसं वाटायची संधी मिळाली नाही. मी बांधकाम खात्यात कारकून, ते बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक. पगार उन्नीस-बीस. पण लोकांनी जिकडे बघावं तिकडे गुणवंतभाऊच. मी मोटरसायकल घेतली तेव्हा त्यांनी नागपूरहून साईडकार लावलेली जुनी स्कूटर आणली. माझ्या मागे बसताना शालू अंग चोरून बसायची. त्या साईडकारमध्ये मात्र ती राणीसारखी मान वर करून बसली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. महिन्यातला एक रविवार ते त्या गाडीवरून पोंभुर्ण्याकडे 'हवा खाले' जायचे. चंद्रपुरात काय हवा नाही? पण मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी भारी उत्तर दिलं असतं आणि माझं पुन्हा पोट दुखलं असतं.

माझ्या मुलीचं लग्न मी हॉल घेऊन, सहा कुलर लावून केलं. सहा. आमच्या नात्यात तोवर दोनच्या वर कोणी गेलं नव्हतं. त्या लग्नात गुणवंतभाऊंनी कोट घालून माईक हातात घेतला आणि स्थानकावरच्या आवाजात सुरू केलं, "मूल गावचे पाहुणे कृपया पंगत क्रमांक दोनवर यावे. राजुऱ्याची पंगत वीस मिनिटं उशिरानं धावून राह्यली." लोकं हसून हसून लोटपोट. आजही कोणी त्या लग्नाची आठवण काढली की माईकची काढतं. कुलरचं नाव कोणी घेत नाही.

त्या लग्नाला सासूबाई नव्हत्या. त्या पोंभुर्ण्याजवळ चिंचटोल्याला पुतण्याच्या घरी राहायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच होत्या आणि डोळ्यांनी दिसणंही जवळजवळ बंद झालं होतं. यांना गाडीत घालून हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी जाऊन रीतीप्रमाणे अक्षत दिली, पाया पडलो, आणि लग्न झाल्यावर लग्नाची सीडी पाठवून दिली. माझ्या मते जावयाचं काम तिथे संपलं.

दोन वर्षांनी दिवाळीत गुणवंतभाऊ घरी आले. फराळाला हात न लावता म्हणाले, "साडभाऊ, आमच्या प्राचीचं लगीन जमलं. डेस्टिनेशन करून राह्यलो."

तेव्हा हा शब्द आमच्याकडे नवा होता. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत यायचा, खाली समुद्राचा नाही तर राजवाड्याचा फोटो असायचा. शालूच्या हातातली चकली हातातच राहिली. "गोव्याले की काय, भाऊ?"

"चिंचटोल्याले."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना आग्रह करून दोन करंज्या वाढल्या. चिंचटोला म्हणजे एक तलाव, चाळीसेक घरं आणि भोवती जंगल. नवरा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, घरचे नागपूरचे. असली माणसं तिथे पाऊल ठेवतील का? पण महिन्याभरात कळलं की गुणवंतभाऊंनी व्याह्यांना गाव दाखवून आणलं. तेव्हा तलाव काठोकाठ भरलेला, वर कमळं, पलीकडे सागाचं जंगल. व्याही खूश, मुलगा खूश, मुलाचे पुण्याचे मित्र तर विचारूच नका. पत्रिका आली तिच्यावर वाघाचं चित्र मोठं आणि गणपती एका कोपऱ्यात. शालूने ती पत्रिका देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि मला म्हणाली, "असं आपल्याले काऊन सुचत नाई?"

त्या रात्री माझा जेवणावर राग निघाला.

पण पत्रिकेवरची तारीख वाचली आणि माझी भूक परत आली. तारीख मे महिन्याच्या मध्यातली होती. मी दोन वर्षं पोंभुर्ण्याला नोकरी केलेली आहे. तो तलाव धानाला पाणी देतो आणि उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. शिवाय मे म्हणजे विडीच्या तेंदूपानांचा हंगाम. पहाट झाली की अख्खं गाव पानं तोडायला जंगलात. दुपारी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि दिवस मावळायच्या आत ती फडीवर, म्हणजे पानं घेतात त्या जागी, नेऊन द्यायची. त्या दिवसांत गावात पाणी वाढायलाही माणूस मिळत नाही. मी वेळीच बोललो असतो तर तारीख बदलता आली असती. मी बोललो नाही. उलट भेटेल त्याला सांगत सुटलो की चिंचटोल्याचा तलाव म्हणजे काय, बघतच राहाल. लग्न मोडावं असं माझ्या मनात अजिबात नव्हतं. थोडं लंगडावं, एवढंच. सहा कुलरांचा पहिला नंबर जाऊ नये, यापेक्षा जास्त मी देवाकडे काही मागितलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी आमची बस चिंचटोल्याला पोचली. तलावात पाण्याचा टिपूस नव्हता. चिखल वाळून त्याच्या ढलप्या झालेल्या. आणि बरोबर मधोमध, तलावाच्या पोटात, बांबू आणि जांभळीच्या हिरव्या डहाळ्यांचा भलामोठा मांडव. मांडवाच्या दाराशी गुणवंतभाऊ कोट घालून उभे.

"भाऊ, तलाव कुठं गेला?" मी शक्य तितक्या काळजीच्या आवाजात विचारलं.

"लोकं तलावाच्या काठी लगीन करतेत, साडभाऊ. आपून तलावात करून राह्यलो. लोकाइसारखं कराले लोकं हायेत ना."

"आणि गाव? गावात तर कोणी दिसत नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. "जंगलात हाये. एक चाळीसले येऊन राह्यलं."

एक चाळीसला नाही, पण दोनच्या सुमाराला गाव खरंच आलं. डोक्यावर पानांचे भारे घेतलेल्या बाया, माणसं. गावात सावली म्हणाल तर त्या मांडवाएवढी कुठेच नव्हती, म्हणून सगळे तिथेच येऊन बसले आणि पुडकी बांधायला लागले. आता व्याही चिडणार, म्हणून मी समोरची खुर्ची पकडली. व्याही बँकेतले निवृत्त अधिकारी. चष्मा पुसत ते थोडा वेळ बघत राहिले, मग विजार वर ओढून एका बाईंसमोर फतकल मारून बसले आणि पानं मोजायला लागले. त्यांना बघून नवरदेवाचे मित्र बसले. नवरदेव बसला. पुण्याच्या पोरी बसल्या. एकीचं पुडकं अडुसष्ट पानांचं निघालं तर गावातल्या म्हातारीने ते सोडून तिला पुन्हा मोजायला लावलं. फोटोग्राफर अक्षरशः आडवा पडून फोटो घेत होता. त्या पोरांनी बांधलेली निम्मी पुडकी कोणी घेतली नसती, पण एक पोरगी म्हणत होती की असं लग्न तिने जन्मात पाहिलं नाही. मी रुमालाने वारा घेत बसलो. अंगाची लाहीलाही होत होती आणि ती सगळी उन्हाने होत नव्हती.

बसवेना म्हणून सासूबाईंना भेटायला उठलो. त्यांच्या घराची मागची भिंत तलावाच्या काठालाच लागून आहे. अंगणात धान्याचं वाळवण घातलेलं, आणि वर दोरीला काहीतरी चकचकीत टांगलेलं वाऱ्यावर फिरत होतं. जवळ जाऊन बघितलं. माझ्या मुलीच्या लग्नाची सीडी. पाखरं हाकलायला टांगली होती. त्या घरात टीव्हीच नव्हता, सीडी लावणार कशावर? हे दोन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आत न जाता तसाच परत फिरलो.

मुहूर्त गोरज होता. फडीवर पानं देऊन, अंघोळी करून गाव परत आलं आणि पाण्यापासून पंगतीपर्यंत सगळं त्यांनी हातात घेतलं. अंतरपाट धरला. भटजी मंगलाष्टक सुरू करणार, एवढ्यात माईकवरून गुणवंतभाऊंचा आवाज आला, "जरासं थांबा. एक गाडी येनं बाकी हाये."

लोकं नेहमीसारखी हसायला लागली. मग सासूबाईंच्या घराच्या मागच्या दारातून चौघं खाट उचलून निघाले. खाटेवर हिरवं लुगडं नेसून सासूबाई पडलेल्या. वाळलेल्या तलावातून ती खाट सपाट वाटेने, एक धक्का न बसता, मांडवात आली आणि नवरीच्या शेजारी टेकली. प्राचीने खाली बसून आजीचा हात आपल्या गालाला लावला.  गावातल्या खाचखळग्यांच्या वाटेने ती खाट हलवता आली नसती आणि तलाव भरलेला असता तर मागच्या दारातून येऊ शकली नसती, हे मला तेव्हा समजलं. तारीख चुकलेली नव्हती.

मी गुणवंतभाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, एवढंच होतं तर आधी सांगायचं."

"कोनाले सांगू? व्याह्याले? का म्हातारीसाठी जंगलात चला म्हनून? नाई आले असते. डेस्टिनेशन म्हनलं तं नाचत आले." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी म्हातारी दिवसभर दाराकडं कान देऊन होती म्हने. मी त्या महिन्याच्या रविवारी हवा खाले आलो तं सांगे, कोनी घ्याले येईल वाटलं."

 त्या दिवशी सहा कुलरांमध्ये बसून मी पाहुण्यांना विचारत होतो, हवा येते ना.

"गुणवंत," खाटेवरून सासूबाईंची हाक आली. ते गेले, वाकले. सासूबाईंची बोटं त्यांच्या बाह्यांवरून फिरली. "तीन. दोन. हं, लहाने जवाई. मोठे जवाई कुठी हायेत?"

माझ्या अंगावर टेरिकॉटचा शर्ट होता. मी जागचा हललो नाही.

"आले, आले," गुणवंतभाऊ मोठ्याने म्हणाले. "गाडी फलाटाले लागून राह्यली." आणि बोलता बोलता त्यांनी कोट उतरवला, माझा एक हात एका बाहीत कोंबला, दुसरा दुसरीत, आणि मला खांद्याला धरून खाटेपाशी बसवलं. कोट आतून ओला होता. सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर आला. बोटं हळूहळू सरकली.

"तीन. दोन." त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. "तुमीबी घातला. एवढ्या उनात. माहीच चूक झाली होती, बाप्पा. वैशाखात लोकर देल्ली. पर दोघाइनंबी कधी बोलून नाई दाखवलं."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मान वर करायला मला फार वेळ लागला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा गुणवंतभाऊ शर्टावर उभे होते, पाठीला शर्ट चिकटलेला. इतक्या वर्षांत मी त्यांना लग्नात बिनकोटाचं पहिल्यांदाच बघत होतो. माणूस मला वाटत होता त्यापेक्षा बराच वाळलेला होता. मला त्यांचा तेव्हाही हेवा वाटला, आणि त्याआधीचे सगळे हेवे फुकट गेले असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी कोट परत द्यायला गेलो, तर त्यांनी घेतला नाही. "राहू द्या, साडभाऊ. पुढच्या लग्नात तुमी घाला. आता बारी बारीनं घालत जाऊ."

बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसलो. शालू खिडकीतून बराच वेळ मागे बघत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "असं आपल्याले काऊन सुचत नाई?"

या वाक्याने एरवी माझं डोकं तापायचं. या वेळी मी खरं आहे म्हटलं. ऊन चढायला लागलं होतं. कोटाच्या आतल्या खिशात हात घालून मी गुणवंतभाऊंचा कांदा काढला आणि तिच्या हातात दिला.