ऋतुजाने नापसंत केलेले फ्लॅट

आमच्या शेजारच्या ऋतुजाने काशीमिऱ्यापासून भाईंदरच्या खाडीपर्यंत बांधकाम चालू असलेल्या जवळजवळ प्रत्येक टॉवरमधला फ्लॅट पाहिलेला आहे आणि नापसंत केलेला आहे. थ्री बीएचके असेल तर जरा जास्त तुच्छतेने. ती टी.वाय.बी.कॉम.ला आहे, आणि तिच्या घरात सध्या नवी बादली आणण्याआधी जुनीची चीर मेणबत्ती वितळवून बुजते का ते बघतात.

"काका, आज एक टू बीएचके नाकारला," ती जिन्यात भेटली की सांगते. पूर्वी मुलांच्या आया ज्या थाटात कांदेपोहे खाऊन मुली नाकारत, तो थाट.

"का गं?"

"व्हेंटिलेशन नाहीये."

हे तिचं ठरलेलं कारण. समोर खाडी, मागे डोंगर, गच्चीत वारा असा की बारीक माणसाने रेलिंग धरून उभं राहावं, तरी ऋतुजाच्या मते तिथे व्हेंटिलेशन नसतं. स्वतः राहते भाईंदर पूर्वेला, आमच्या चार मजली इमारतीत. तिथे खिडकी उघडली की पलीकडच्या इमारतीतल्या बाईंच्या कढईत आज काय आहे ते दिसतं, आणि मीठ कमी पडलंय का तेही कळतं.

हे प्रकरण सुरू झालं तिच्या वडिलांची नोकरी गेल्यावर. परब इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत मालाचं डिस्पॅच सांभाळायचे. एके दिवशी मालकाने मशिनं उचलून वापीला नेली. माणसं तेवढी इथेच ठेवली. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं तीन साहेबांनी सांगितलं, आणि प्रत्येकाला एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या माणसाला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ देण्याची कल्पकता फक्त व्यवस्थापनाकडे असते.

मग ऋतुजाची आई एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिसेप्शनवर लागली. ऋतुजाने कॉलेज सोडायचं नाही असं ठरलं. बाकी सगळ्यात काटकसर. इतर घरांत काटकसर तोंड पाडून करतात. ऋतुजाने ती छाती काढून केली.

त्या मे महिन्यात दुपारची वीज जात होती आणि तिची परीक्षा होती. स्टेशनबाहेर कोणीतरी तिच्या हातात एका टॉवरची जाहिरात कोंबली. त्यात स्विमिंग पूल होता, 'राजेशाही जीवनशैली' होती, आणि अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पिकअप-ड्रॉप मोफत. बारीक अक्षरातलं आधी वाचायचं हे तिला ऑडिटिंगच्या पेपरने शिकवलं होतं. तिने फोन केला. गाडी आली. सेल्स ऑफिसात एसी होता, कॉफी होती, मऊ सोफा होता. 'मॅम, सर येईपर्यंत बसा' म्हणाले. सर म्हणजे तिचे वडील. ते येणार नव्हतेच. ती सोफ्यावर बसून कॉस्ट अकाउंटिंगचे दोन धडे संपवून उठली आणि जाताना व्हेंटिलेशन नाही म्हणाली.

त्यानंतर तिने या गोष्टीचं शास्त्र केलं. एक कुर्ता फक्त याच कामाला ठेवला. त्याचं नाव इन्व्हेस्टर ड्रेस. आईची लग्नातली पर्स. डोक्यावर गॉगल. "डोळ्यांवर लावला तर ऊन लागतं म्हणून लावला असं वाटतं, काका. डोक्यावर ठेवला की बजेट विचारत नाहीत." प्रश्नही पाठ होते. "सुपर बिल्ट-अप नको, कार्पेट सांगा, कार्पेट." समोरचा टाय घातलेला मुलगा इथे खचायचा.

पुढे ती साइट निवडताना तिथून कॉलेजचं फाटक किती लांब आहे ते बघायला लागली. येताना बिल्डरची गाडी घरून न्यायची, जाताना कॉलेजवर सोडायची. रिक्षाचं भाडं वाचायचं. "वर्गात सगळ्यांना वाटतं माझे वडील बिल्डर आहेत," ती म्हणाली. "रोज वेगळे."

आमच्या भागात इमारतींच्या नावांवरून युरोपचा भूगोल शिकता येतो. स्पेन संपला की इटली लागते, मध्ये फक्त एक नाला. या सगळ्या देशांची जाडजूड, गुळगुळीत माहितीपत्रकं ऋतुजाकडे आहेत आणि ती तिने पुस्तकांना कव्हरं म्हणून घातली आहेत. कॉस्ट अकाउंटिंगवर निळाशार पूल आहे. ऑडिटिंगवर एक गोरं जोडपं सूर्यास्त बघतंय. परबांच्या घरी कोथिंबीर ज्या पिशवीतून येते तिच्यावर सोनेरी अक्षरात 'रुबाबाची नवी व्याख्या' असं छापलेलं आहे.

तिची एकच गोष्ट मला खटकायची. प्रत्येक सेल्स ऑफिसात ती फोन नंबर वडिलांचा द्यायची. सेल्सवाल्यांच्या हाती नंबर लागला की तो माणूस संपला. तो वारला तरी ते तेराव्याला येऊन विचारतील, 'सर, साइट व्हिजिट कब रखें?'

"अगं, त्या बिचाऱ्यांच्या मागे कशाला लावतेस?"

"मला लेक्चरला डिस्टर्ब होतं, काका. बाबा काय, घरीच असतात."

मला ते निष्ठुर वाटलं. कारण परब तेव्हा कोणी थट्टा करावी अशा अवस्थेत नव्हते. सुरुवातीला ते इंटरव्ह्यूंना गेले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. समोरच्या खुर्चीत त्यांच्या निम्म्या वयाचा कोणीतरी असायचा. तो वय विचारायचा, मग पाणी विचारायचा, मग म्हणायचा, "ठीक आहे, कळवतो आम्ही." सगळ्यांनी हेच सांगितलं आणि कोणीही काहीही कळवलं नाही. हळूहळू परबांनी बाहेर पडणं सोडलं. जिन्यात कोणीतरी हमखास "काय, आज सुट्टी?" विचारतो, त्याला तोंड देण्यापेक्षा घर बरं. दिवसभर बनियनवर, समोर टीपॉयवर फोन. आमची भिंत सामाईक आणि बिल्डरने सिमेंटवर विशेष विश्वास न ठेवता बांधलेली. दुपारच्या शांततेत पलीकडे परबांच्या फोनची सनई वाजायची, एकदाच, आणि लगेच बंद पडायची. राँग नंबर असेल असं मी धरून चाललो होतो. ऋतुजाने नंबर वाटायला सुरुवात केल्यावर मात्र ती दिवसातून दहादा वाजायला लागली.

एका शनिवारी ऋतुजा आमच्या दारात आली.

"काका, उद्या मोकळे आहात?"

"मी निवृत्त आहे. मोकळं असणं हेच माझं काम."

"मग साइट व्हिजिटला चला. तुम्ही बाबांचे मोठे भाऊ. जॉइंट फॅमिली असली की कॉफीबरोबर सँडविच देतात."

"परब येतायत?" मला खरंच आश्चर्य वाटलं.

"येतायत ना! खाडीकडचा नवा टॉवर आहे, तिथली निकिता म्हणून मुलगी त्यांना फोन करते. सर, एकदा तरी या, म्हणून मागे लागलीय. बाबा म्हणाले, एवढा आग्रह करतायत, तर नाही म्हणायला तरी समोर गेलं पाहिजे."

"आणि मी तिथे काय करायचं?"

"काही नाही. गप्प बसायचं आणि मधूनमधून छताकडे बघायचं. पैसेवाले छताकडे बघतात."

रविवारी परब खाली आले ते इस्त्रीच्या शर्टात, बूट घालून. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शहांनी विचारलंच, "क्या परबभाई, किधर?" परब थांबले. म्हणाले, "जरा फ्लॅट देखने जा रहे हैं." शहांच्या हातातली दुधाची पिशवी तिरकी झाली.

सेल्स ऑफिसात शिरल्याबरोबर एक कारंजं आणि कुठल्यातरी फुलाचा वास अंगावर आला. मधोमध काचेखाली टॉवरची प्रतिकृती होती. छोटी झाडं, छोट्या गाड्या, आणि रस्त्यावर एकही खड्डा नाही. म्हणजे शहर दुसरं कुठलं तरी होतं.

निकिता पंचविशीची, काळा कोट, हातात टॅब. तिने आधी परबांचा हात हातात घेतला. "परब सर! फायनली! आवाज से मुझे लगा था आप ऐसे ही होंगे."

परबांनी पोट आत घेतलं. मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं.

वर नमुन्याच्या फ्लॅटमध्ये निकिताने पडदा सारला. "सर, रिव्हर व्ह्यू."

खाली मिठागरांकडे जाणारी खाडी होती. ओहोटी असल्यामुळे ती नदी त्या वेळी मुख्यतः चिखल होती. परब मात्र गंभीरपणे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "सामान चढवायची लिफ्ट वेगळी आहे? कुठल्या बाजूला?"

"सर, ये आज तक किसी ने नहीं पूछा," निकिता म्हणाली आणि टॅबमध्ये शोधायला लागली. परबांचा चेहरा डिस्पॅचमधल्यासारखा झाला. ते गॅलरीत गेले आणि तिथून टेम्पो आत कसा वळेल ते हाताने मापायला लागले.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. निकिताने टॅबमधून मान वर केली आणि ऋतुजाकडे नीट बघितलं.

"मॅम, मैं पहले दूसरे प्रोजेक्ट पे थी, हायवे के पास. आप वहाँ आई थीं ना? अकेली. आपने बोला था, व्हेंटिलेशन नहीं है."

ऋतुजाने डोक्यावरचा गॉगल काढून पर्समध्ये ठेवला. त्याबरोबर ती एकदम लहान दिसायला लागली.

निकिताही बदलली. कोट तोच, पण आवाज खाली आला आणि मराठीत आला. "खरं सांग. घ्यायचाय का फ्लॅट तुम्हाला?"

"नाही."

"मग? माझा रविवार गेला ना गं. बाहेर खरे कस्टमर बसलेत. मी आता सरांना काय सांगू?"

"ताई, त्यांना काही सांगू नका." ऋतुजाने गॅलरीकडे पाहिलं. "मला यादीतून काढून टाका. सगळ्या ऑफिसांना कळवा, कुणी आत घेऊ नका मला. मी बसने जाईन कॉलेजला. फक्त बाबांचा नंबर काढू नका."

"म्हणजे?"

"त्यांची कंपनी गेली. इंटरव्ह्यूवाले कळवतो म्हणाले, आणि त्यांचा फोन वाजायचाच बंद झाला. घरी कोणी नसलं की ते माझ्या जुन्या फोनवरून स्वतःलाच रिंग द्यायचे. चालू आहे ना बघायला." ती थांबली. "मग मी सगळीकडे त्यांचा नंबर द्यायला लागले. आता वाजतो. बनियनवर असले तर आधी शर्ट घालतात, ताई. मग उचलतात."

मी छताकडे पाहिलं. या वेळी तिने सांगितलं होतं म्हणून नव्हे.

निकिता बराच वेळ टॅबचं झाकण उघडत-मिटत राहिली. "टार्गेट असतं गं आम्हाला महिन्याचं," एवढंच म्हणाली. मग तिने कोट सारखा केला, चेहऱ्यावर ते कारंज्याजवळचं हसू आणलं आणि गॅलरीत गेली.

"तो सर, कैसा लगा? क्या सोचा आपने?"

परब सावकाश वळले. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं, खाडीकडे एकदा पाहिलं, मनगटावरच्या घड्याळातही पाहिलं. मग कसलीही घाई नसलेल्या, पण अत्यंत सभ्य आवाजात म्हणाले, "ठीक आहे. कळवतो आम्ही."

"शुअर सर," निकिता म्हणाली. "मी वाट बघते."

खाली सँडविचेस आली. ऋतुजाने तिचं कागदात गुंडाळून आईसाठी पर्समध्ये टाकलं. परतीच्या गाडीत परब पुढे बसून ड्रायव्हरला घोडबंदरच्या ट्रॅफिकबद्दल सूचना देत होते. ऋतुजा माझ्या कानाशी म्हणाली, "चीज नव्हतं हो सँडविचमध्ये. प्रोजेक्ट बुडणार." पण बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती.

सेल्स ऑफिसं एकमेकांची स्पर्धक असली तरी जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसतात. थोड्याच दिवसांत ऋतुजाला गाडी येणं बंद झालं. इन्व्हेस्टर ड्रेस कॉलेजला घातला जाऊ लागला. भिंतीपलीकडची सनईही एकेक करून कमी होत गेली, आणि मग काही दिवस अजिबात वाजली नाही. मी दुपारी पुस्तक हातात धरून बसायचो आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचो. एकदा सनई वाजली आणि लगेच बंद पडली. आता मला ठाऊक होतं की तो राँग नंबर नव्हे.

गेल्या आठवड्यात मी भाजी घेऊन वर आलो, तर ऋतुजा परबांच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसलेली. मांडीवर ऑडिटिंग, त्यावर ते सूर्यास्त बघणारं गोरं जोडपं. हातात घराची किल्ली.

आतून परबांचा खणखणीत आवाज येत होता. "हां, बोला निकिता मॅडम... नाही नाही, विचार चालू आहे. कसं आहे, लिफ्टचं तुम्ही सांगितलंत, पण व्हेंटिलेशनचं जरा बघावं लागेल..."

"अगं, किल्ली आहे तर आत का जात नाहीस?" मी विचारलं.

ऋतुजाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, काका," ती कुजबुजली. "बाबा मीटिंगमध्ये आहेत."