ठाणेदाराचा सोबती

रिसोडच्या पुंजाजींच्या बैठकीत दोघांची सत्ता होती. एक स्वतः पुंजाजी आणि दुसरा चार फुटी काचेच्या टाकीत फिरणारा त्यांचा फ्लॉवरहॉर्न मासा. वीतभर लांब, लालभडक, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आणि नजरेत सदा संशय. पुंजाजींनी त्याचं नाव ठाणेदार ठेवलं होतं. एसटीची ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेल्या पुंजाजींची खिडकीखालची खाट, पेपर आणि टीव्हीचा रिमोट यांना घरात कोणी हात लावत नसे. ठाणेदाराच्या टाकीत तर कोणी हात घालतच नसे. एकदा मुलगा विकासनं काच पुसायला घातला, तर त्याच्या बोटाला कडकडून चावा बसला. "असा पायजे मानूस," पुंजाजी खूश होऊन म्हणाले होते.

अशात शिरपूर जैनहून निरोप आला. पुंजाजींची थोरली बहीण रंगूबाई न्हाणीत घसरून पडल्या होत्या. हाड वाचलं, पण यापुढे एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. रंगूबाईंना मूलबाळ नव्हतं. सून नीलिमा लगेच म्हणाली, "आत्याबाईंले इथंच आनू."

"नाई जमनार."

"काहून?"

"एका बैठकीत दोघं राह्यत नसतात. हा ठाणेदार पाह्य. याच्या टाकीत दुसरा कोनी टिकन का? तसंच हाये हे."

नीलिमा शाळेत गणित शिकवायची. समोरच्यानं स्वतःहून मांडलेलं उदाहरण ती सोडत नसे. "बरं मामाजी. ठाणेदाराच्या टाकीत एक मासा पंधरा दिवस टिकला, तर आत्याबाई येतील. कबूल?"

"कबूल," पुंजाजी म्हणाले. सख्ख्या बहिणीचा प्रश्न आपण माशावर सोडतोय याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण माशावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

नीलिमानं आधी दोन सोनेरी मासे आणले. सकाळी अकराला सोडले. साडेअकराला एक उरला, बाराला ठाणेदार एकटाच होता आणि दुपारी त्याला भूक नव्हती. मग तिनं बरोबरीचा गडी म्हणून तेवढाच मोठा ऑस्कर मासा आणला. तीन दिवस दोघांची जुंपली. तिसऱ्या दिवशी ऑस्करच्या पंखांच्या चिंध्या झाल्या आणि तो फिल्टरच्या मागे उभा राहिला. नीलिमानं त्याला बादलीत काढून परत पोचवला. पुंजाजींनी ठाणेदाराला चार दाणे जास्त टाकले.

तिकडे रंगूबाईंना शेजारीण भाकरी आणून देत होती. "मले काई तरास नाई," असं त्या फोनवर इतक्यांदा म्हणाल्या, की नीलिमाला त्यांची फारच काळजी वाटू लागली. रविवारी ती थेट वाशिमला, माशांचं दुकान चालवणाऱ्या शिवमकडे गेली.

"मॅडम, तुमची रीत चुकून राह्यली," शिवम म्हणाला. "त्याले वाटते, सारे दगड आपल्या बापाचे हायेत. पह्यले दगड हलवा. त्याले त्याचा कोपराच सापडला नाई पायजे. मंग पोटभर खाऊ घाला, लाईट बंद करा अन् मंगच दुसरा सोडा. दुसराबी असा पायजे, की याच्यावानी दिसत नाई अन् तळाशी गुमान राह्यते." आणि त्यानं एक काळा, खरखरीत, राकट कातडीचा, काच चाटत बसणारा मासा दिला.

नीलिमानं सगळं तसंच केलं. ठाणेदार आपला कोपरा शोधत टाकीला तीन चकरा मारून आला. नव्याला त्यानं दोनदा धडक दिली, पण त्या कातडीवर ओरखडाही उठला नाही. नवा हलला नाही आणि बोललाही नाही. शेवटी ठाणेदारानं नाद सोडला. पुंजाजी रोज सकाळी उठून मोठ्या आशेनं टाकीत डोकावत. पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि शिरपूरची गाडी धरली. शब्द दिला होता.

दुपारी बहिणीला घेऊन ते परतले आणि दारातच थबकले. खाट समोरच्या भिंतीला होती, टीव्ही खाटेच्या जागी, खुर्ची दिसतच नव्हती. पडदे ओढलेले, ट्यूबलाईट बंद. ताटात पुरणपोळ्यांचा ढीग. पुंजाजी खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग त्यांनी टाकीकडे पाहिलं.

"सूनबाई, दगड हलवले का तुनं?"

"जेवून घ्या, मामाजी."

तेवढ्यात रंगूबाई काठी टेकत आत आल्या. "कायचा अंधार हाये हा? परदे उघडा. अन् ते खाट खिडकीखाली घ्या, मले उजेड लागते."

"बाई, ते माही..."

"पुंज्या, चपला बाहीर."

पुंजाजी बाहेर गेले आणि चपला काढून आले. खाट खिडकीखाली गेली, संध्याकाळपर्यंत पेपर तिच्यावर गेला आणि मालिकेच्या वेळेला रिमोट. नीलिमाची रीत बरोबर होती, फक्त ठाणेदार कोण हे तिनं चुकीचं धरलं होतं. आईच्या मागे पुंजाजींना रंगूबाईंनीच वाढवलं होतं, आणि पुंजाजींना नेमकी कशाची धास्ती होती ते घरात आज कळलं. जेवताना रंगूबाईंनी आपल्या ताटातली अर्धी पोळी उचलून न विचारता त्यांच्या ताटात टाकली. पुंजाजींना फार बरं वाटलं. ते कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली.

चौथ्या दिवशी नीलिमा शाळेतून आली, तेव्हा रंगूबाई खाटेवर बसून मोठ्यानं पेपर वाचत होत्या. ठाणेदार त्यांच्या बाजूच्या काचेशी स्थिर उभा होता. पुंजाजी टाकीजवळ जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि तळाच्या काळ्या माशासाठी काकडीची चकती हळूच पाण्यात सोडत होते.

"ठाणेदाराचं खानं झालं, मामाजी?"

"त्याले बाईनं टाकलं." पुंजाजींनी आवाज खाली आणला. "याच्याकडं कोनी पाह्यत नाई. गरीब हाये बिचारा."

"पुंज्या," खाटेवरून आवाज आला, "काकडी सोलून टाक."

पुंजाजींनी टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि चकती बाहेर काढली. ठाणेदारानं हाताकडे पाहिलं, रंगूबाईंकडे पाहिलं आणि तो गुमान बाजूला झाला.