करारातल्या खुर्च्या

मुलुंडच्या ब्रश कारखान्यात गुरुवारी सकाळी मांडववाल्याच्या अठरा खुर्च्या उतरल्या, तेव्हा बायकांना वाटले, नंदकिशोरशेठच्या मुलीचे लग्न ठरले.

"लग्न नाही, तपासणी आहे," सुपरवायझर श्यामकांत म्हणाला. माल घेणाऱ्या विलायतेतल्या कंपनीने करारात कलम घातले होते: प्रत्येक कामगाराला खुर्ची, दुपारी अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षभर राबलेल्याला कायम नोकरी. कंपनीचे प्रतिनिधी चंद्रप्रकाश आज ते पाहायला येणार होते. करार टिकला तरच श्यामकांतला कायम करू, असे शेठ म्हणाले होते. तीन वर्षे तो हंगामीच होता.

"त्या गोऱ्यांना आमच्या बसण्याची काळजी कशाला?" मालनने विचारले.

"तिथले कामगार म्हणतात, इथं माणसं पिळून माल स्वस्त केला की त्यांच्या पोटावर पाय येतो."

"म्हणजे काळजी त्यांच्याच पोटाची," असे म्हणून मालन खुर्चीवर टेकली आणि लगेच उठली. "धोंडूमामा उभे आहेत. आम्ही कसं बसायचं?"

धोंडूमामा झाडलोट करीत. वय सत्तर. खुर्च्या बायकांपुरत्या मोजून आणलेल्या. श्यामकांतने आपली टेबलामागची खुर्ची मामांना दिली. झाडू हातात धरून मामा सभेच्या अध्यक्षासारखे बसले.

पंचाईत पुढेच होती. जमिनीवर बसून लाकडी ठोकळा दोन पावलांत धरायचा आणि भोकांत काथ्या ओवायचा, ही इथली रीत. खुर्चीवर पाय लोंबकळले, ठोकळा धरणार कोण? सुगंधा वर मांडी घालून बसली आणि खुर्चीसकट कलंडली.

"साहेब, ठोकळा तुम्हीच धरा ना," ती उठत श्यामकांतला म्हणाली.

श्यामकांतने धरला. मग दुसरीचा, मग पाचवीचा. पडलेला काथ्याही तोच उचलून देऊ लागला. साडेबाराला बायका विश्रांतीला आडव्या झाल्या. काम मागे पडले होते, म्हणून तो एकटाच उभ्याने ओवत राहिला. नेमके तेव्हाच चंद्रप्रकाश आत आले.

"तुम्हारी कुर्सी किधर है?"

"मी सुपरवायझर आहे, साहेब."

"खाना खाया?"

मालनने एक डोळा उघडला. "यांना जेवताना आम्ही कधी बघितलंच नाय. रविवारीपण येतात."

श्यामकांतने तिला गप्प बसण्यासाठी डोळ्याने खुणावले.

"बघा, डोळा फडफडतोय," ती म्हणाली. "झोप नाय ना."

चंद्रप्रकाशांनी दोन पाने भरली.

चार वाजता शेठनी श्यामकांतला बोलावून अहवाल वाचला. "अठरा बायका आणि एक वृद्ध सुखात आहेत. विसाव्या कामगाराची दशा दयनीय आहे. आठ दिवसांत त्याला सगळी कलमं लागू करा, नाहीतर करार रद्द." शेठनी कागद खाली ठेवला. "अरे, तू सुपरवायझर आहेस हे सांगायचं ना."

"सांगितलं. ते म्हणाले, पढवलेला माणूस सगळीकडे असंच सांगतो."

शेठनी सुस्कारा सोडून कायम नेमणुकीच्या पत्रावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालनने श्यामकांतला गोणपाटावर आडवे व्हायला लावले. "अर्धाच तास हां," तो बजावून झोपला.

त्याला जाग आली ती पाचच्या भोंग्याने. बायका कुजबुजत दिवसाचे काम उरकून डबे भरत होत्या.