घराने श्वास रोखला तेव्हा

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. खऱ्या गोष्टींचं ते नशीबच असतं.

मनुष्याला निवारा लागतो आणि निसर्गाला मनुष्य नको असतो. या दोघांत समेट घडवायला पर्यावरणस्नेही वास्तुरचनाकार जन्माला आले. माझ्या एका जुन्या मित्राने घराचं काम अशाच एका नवरा-बायकोला दिलं. टायरच्या दुकानावर त्यांची एक खोली. विजेची बचत म्हणून तिथले शंभर टक्के दिवे बंद असत. (परिणामी साधारण निम्मे नकाशे दुसऱ्याच कोणाच्या तरी घराचे निघत. पण वीज वाचे.) नवऱ्याला सगळे हिरवेसाहेब म्हणत. माणूस तत्त्वाचा. सिमेंट वर्ज्य, कारण ते पृथ्वीला जड होतं. रंग वर्ज्य, कारण तो खोटा असतो. पडदे वर्ज्य, कारण त्यांनी उजेडाचा अपमान होतो. मित्राने दबकत विचारलं, मग घरात असणार तरी काय?

"श्वास," साहेब म्हणाले. "घराने श्वास घेतला पाहिजे."

हा शब्द त्या धंद्यात सर्रास वापरतात. चूक एवढीच झाली, की यांनी तो मनापासून वापरला. माती, चुना आणि भुशाच्या भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं आणि त्याच दुपारी घराने पहिला श्वास घेतला. आत घेतला की दारं घट्ट बसायची, सोडला की आपोआप उघडायची. मित्राची बायको कौतुकाने सांगे, की केर काढावाच लागत नाही; फक्त वेळेवर बाजूला व्हायचं.

मित्राच्या मुलीचे दिवस भरत आले होते. भाड्याच्या खोलीचा जिना तिला चढवत नव्हता, तेव्हा बाळ नव्या घरातच आणायचं ठरलेलं. पण पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत राहायला जायची सोय नव्हती. आणि नेमकी तेव्हाच साहेबांच्या बायकोने शंका काढली.

"अहो, जे श्वास घेतं ते कार्बन डायऑक्साइड सोडतं ना?"

साहेब पांढरे पडले (रंग वर्ज्य असूनही). म्हणजे घरच प्रदूषण करत होतं. तर्कात खोट नव्हती. शेवटी सर्वानुमते ठरलं, की तपासणी होईपर्यंत घराने श्वास रोखून धरावा.

मित्राने भिंतीवरून हात फिरवून घराची समजूत घातली. तपासनीस दारात आला, तसं घर छाती भरून थांबलं. पण गृहस्थ चिकित्सक निघाला. मोरी बघतो, माळा बघतो, पुन्हा मोजपट्टी काढतो. भिंती फुगल्या, मग निळ्या पडायला लागल्या. कोपऱ्यात मुलगी पोट धरून बसलेली.

"साहेब, सही उरका," ती म्हणाली. "आता धरवत नाही."

ती घराबद्दल बोलतेय असंच सगळ्यांना वाटलं. तपासनिसाने पेन टेकवलं आणि घराने सुस्कारा सोडला. असा सोडला, की सगळे पडदे फडफडून उडाले आणि एक जाऊन तपासनिसाच्या तोंडावर...

"थांबा बाबा," आमची सूनबाई म्हणाली. इतका वेळ ती मटार सोलत हूं हूं करत होती. "पडदे वर्ज्य होते ना? मग उडाले कुठले? साफ थाप."

थाप पकडली गेली, कबूलच आहे. घराच्या श्वासाला मात्र तिने हरकत घेतली नव्हती. तुम्हीही नाही.

तिने पुढची शेंग उचलली.

"बरं, सही झाली का पण?"