माझा एकुलता एक नेम

डबा बिस्किटांचा होता की रंगाचा, हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. (छातीठोकपणे मी तसं कधीच काही सांगितलेलं नाही.) पण तो मी पाडला, एवढं पक्कं.

मी मागणी घालायला गेलो होतो. सासरे, म्हणजे तेव्हा नुसतेच एक जाड मिशांचे गृहस्थ, मला मागच्या अंगणात घेऊन गेले. आपली स्प्रिंगची छऱ्याची बंदूक माझ्या हातात देऊन म्हणाले, "भिंतीवरचा तो डबा पाडा. माणसाचा हात कळतो."

हात लटलट कापत होता. चाप ओढला आणि डबा पडला! सासऱ्यांनी पाठ थोपटली. लग्न झालं.

पुढे जन्मभर मी संख्याशास्त्र शिकवलं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नका, असं विद्यार्थ्यांना बजावत आलो. स्वतः मात्र त्या एका छऱ्यावर पट्टीचा नेमबाज होऊन बसलो.

सासरे गेल्यावर बंदूक आमच्याकडे आली. काय ती बंदूक! नळी खाली ओढली की आतली स्प्रिंग कुरकुरत दबायची. चाप ओढला की 'ठण्ण' खांद्यातून थेट दातांत. मागे जळक्या तेलाचा हलका वास रेंगाळायचा. बायको डोळे मिटून म्हणायची, "बाबांच्या सदऱ्याला हाच वास यायचा." हल्लीच्या बंदुका म्हणे नुसत्या फुस्स करतात.

मी निवृत्त झाल्यावर एकदा मेहुणा आला. तो दातांचा डॉक्टर.

"भाऊजी, बाबांची बंदूक मी नेतो. तुमच्याकडे नुसती गंजतेय."

"नेम असेल त्याच्याच घरी ती शोभते," मी बोलून गेलो.

"मग लावा पैज! डबा पाडेल त्याची बंदूक."

बायकोचा चेहरा उतरला. "अहो, बाबांची तेवढीच एक वस्तू आहे माझ्याकडे. हरलात तर?"

"अगं, कोण, मी? तो दिवस विसरलीस?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर लख्ख. आतलं कातडी वायसर सुकलं असेल म्हणून मी एकच थेंब तेल सोडायचं ठरवलं. थेंब पडेना. मी बाटली दाबली. मग पडला तो थेंब नव्हता.

गच्चीच्या कठड्यावर डबा ठेवला. या वेळी हात अगदी स्थिर. नेम बरोबर डब्याच्या पोटावर. चाप ओढला. धडाम्! जास्तीचं तेल आतच पेटलं आणि धुराच्या लोटात मी स्वतःलाच दिसेनासा झालो. धूर विरला तेव्हा डबा जागेवर होता आणि मागच्या प्लॅस्टिकच्या टाकीतून एक बारीक, देखणं कारंजं उडत होतं.

"वा, भाऊजी! टाकी पहिल्याच छऱ्यात!"

मग मेहुण्याने नेम धरला. पहिल्या कारंज्याशेजारी दुसरं कारंजं.

"छान. एक गरमचं, एक थंडचं," बायको म्हणाली. तिने बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली. "ही आता माझ्या कपाटात. तुम्ही दोघं बादल्या घ्या."

बरीच वर्षं कुणी बंदुकीला हात लावला नाही. मग मेहुण्याची बायपास ठरली आणि आदल्या दिवशी मन मोकळं करायला त्याचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या लग्नाच्या आधी, शाळेत असताना, नळी खाली ओढलेली असतानाच मी चाप ओढला होता. नळी फाडकन वर येऊन मिटली. बाबांना कधी सांगितलं नाही."

मी नळी काचेच्या टेबलावर ठेवून पाहिली. चक्क वर वाकलेली! म्हणजे सरळ नेम धरणाऱ्याचा छर्रा वरूनच जाणार. त्या दिवशी ऐन क्षणी माझा कापरा हात खाली गेला, म्हणून डबा पडला. दोन चुकांनी एकमेकींना कसं खोडलं, हे मी बायकोला कागदावर आकृती काढून समजावलं.

तिने चष्मा लावून आकृतीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे त्या कॅप्टनचा नेम बरोबर होता!"

"कोण कॅप्टन?"

"तुमच्या आधी मागणी घालायला आला होता. चांगला उंचापुरा. डबा पडला नाही म्हणून बाबांनी परत पाठवला."

मेहुणा ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आल्यावर मी सगळ्यात आधी त्याला तेच विचारून खात्री करून घेतली. कॅप्टनचा छर्रा डब्याच्या वरूनच गेला होता.