सुट्या टोकांचं स्थळ

बाबा बाथरूममध्ये अडकले म्हणून आम्ही मल्टीटूल बघायला सुरुवात केली, आणि पहिल्याच स्थळाने आम्हांला नकार कळवला. घरात ओल आहे, असं कारण दिलं. ओल होतीच, त्यामुळे वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता.

आमच्या गावात मल्टीटूल कुणी विकत आणत नाही. रीतसर बघून, पसंती होऊन ते घरात येतं. शेजाऱ्यांचं मागून आणणंही बरं दिसत नाही. दुसऱ्या घरी दिलेलं मल्टीटूल हातात धरलं, तर दोन्ही घरांना तोंड दाखवायला जागा राहत नाही. दार फोडावं, असं मी सुचवून पाहिलं. पण फोडलेल्या दाराच्या घरात पुन्हा स्थळ येत नाही, असं आई म्हणाली आणि बाबांनी आतून दुजोरा दिला.

अडचण तशी साधी होती. आतली कडी अडकून बसली होती. तिची पट्टी दाराला स्क्रूंनी बसवलेली. ते काढले की बाबा बाहेर. तोवर आम्ही व्हेंटिलेटरच्या काचेची एक पट्टी काढून त्यांना डबा देत होतो, पेपर देत होतो. बाबा फारसे चिडले नव्हते. बाथरूममधूनही घर चालवता येतं, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं.

स्थळं तांबटकाका आणायचे. त्यांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. नकार आल्यावर त्यांनी पुढची दोन स्थळं एकाच रविवारी आणली, म्हणजे पोहे एकदाच करावे लागतील. मला स्वतःला बरेच जण बघून गेलेले असल्यामुळे कार्यक्रम पाठ होता. फक्त या वेळी मला कुणी चालून दाखव म्हटलं नाही. बाबांना बोलता यावं म्हणून खुर्च्या बाथरूमच्या दारासमोर मांडल्या.

त्यातलं पहिलं स्थळ जुन्या वळणाचं होतं. चपटं टोक, फुलीचं टोक, पक्कड, सुरी, कात्री, सगळी एकाच मुठीत कायमची बसवलेली. सोबत त्याचे मामा आले होते. मामा म्हणजे एक वजनदार पाना.

"आमच्यात सुटंबिटं काही नाही," मामा म्हणाले. "एका मुठीत जन्मले, एका मुठीतच राहतील."

"याला म्हणतात घर!" बाबा आतून म्हणाले.

मी विचारलं, "एखादं टोक झिजलं तर?"

"झिजलं तर झिजलं. म्हातारं झालं म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढतो का?"

आईला हे फारच पटलं. फुलीचं टोक जवळजवळ गुळगुळीत झालेलं मला दिसत होतं. पण आलेल्या पाहुण्याच्या टोकाकडे टक लावून बघू नये, म्हणून मी आणखी पोहे वाढले.

दुसऱ्या स्थळाबरोबर त्याची आजी आली होती, एक जुनी पक्कड. बसताना ती जरा कुरकुरली. पण बोलायला सुरुवात मल्टीटूलनेच केली, आणि तिथेच आईच्या कपाळावर आठी पडली.

"माझी टोकं सुटी आहेत," ते म्हणालं. "लागेल ते लावायचं, काम झालं की डबीत ठेवायचं."

"डबी?" बाबांचा आवाज चढला. "कुठे असते ही डबी?"

"माझ्याजवळच. पण वेगळी."

"म्हणजे वेगळं बिऱ्हाडच झालं की!"

"आणि टोकं हरवतात म्हणे," आई म्हणाली.

"हरवतात. मग दुसरं आणायचं."

तांबटकाका उगाच पंख्याकडे बघत बसले.

"एक विचारू का?" मल्टीटूल म्हणालं. "कडीच्या स्क्रूंची खाच कसली आहे? चपटी, फुलीची की सहा कोनांची? सहा कोनांचं टोक आहे माझ्याकडे."

खाच फक्त बाबांनाच दिसत होती. आम्ही सगळे दाराकडे बघायला लागलो.

"तो आमच्या घरातला प्रश्न आहे," बाबा म्हणाले. "बोलणी पक्की होण्याआधी घरातल्या खाचा कुणी बाहेर सांगत नसतं."

"अहो, पण तुमच्याच सुटकेसाठी विचारतंय ते लेकरू," आजी म्हणाली.

"आगाऊ आहे," बाबा हळूच म्हणाले. पण बाथरूममध्ये आवाज घुमतो.

पाहुणे गेल्यावर मी दाराशी जाऊन म्हटलं, "बाबा, निदान मला तरी सांगा, खाच कसली आहे?"

"तुला काय करायचंय? तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार."

मला इतका राग आला की उरलेले पोहे मी एकटीने संपवले.

जुन्या वळणाचं स्थळ पक्कं झालं. चांगला दिवस बघून आईने त्याला ओवाळलं, हळदकुंकू लावलं आणि सगळ्या बिल्डिंगच्या देखत व्हेंटिलेटरमधून आत सोडलं. आतून खुडखुड ऐकू आली. आधी चपट्या टोकाची, मग फुलीच्या टोकाची. मग काहीच नाही.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"सहा कोनांची आहे," बाबा म्हणाले.

जमलेल्या बायका पेढा घेऊन निघून गेल्या. मल्टीटूल परत पाठवायचा प्रश्नच नव्हता. ओवाळून घेतलेलं कोण परत पाठवतं? दुसरं आणावं, असं मी म्हटलं. "मी असेपर्यंत या घरात दुसरं येणार नाही," बाबा म्हणाले. तसंही त्या दोघांचं आत छान जुळलं होतं. ते बाबांना पेरू कापून देतं, नळ गळू देत नाही आणि बाबांचं कुठलंच म्हणणं खोडत नाही. आईलाही बरं वाटलं. निदान त्यांना बोलायला कुणीतरी झालं, म्हणाली.

मी गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली भाड्याने घेतली आणि सुट्या टोकांच्या मल्टीटूलला मागणी घातली. एकट्या मुलीकडे मल्टीटूल देत नाहीत. पण पक्कडआजी म्हणाली, "डबी तेवढी जपा म्हणजे झालं." आता आमच्या खोलीत एकही कडी सैल नाही. टोकं हरवतात. मग आम्ही भांडतो आणि नवीन आणतो.

दिवाळीला मी घरी गेले. बाथरूमच्या दाराला वाकून नमस्कार केला. मग डबीतून सहा कोनांचं टोक काढलं आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवलं.

"बाबा, हे तुमच्या मल्टीटूलच्या पकडीत घट्ट धरा आणि फिरवा," मी म्हटलं. "बाहेर या. फराळाला एकत्र बसू." एवढं बोलतानाही मला रडू येत होतं.

आत लोखंडावर लोखंड टेकलं. स्क्रू कुरकुरला. मी आईचा हात धरला.

कुरकुर थांबली. फटीतून टोक बाहेर आलं, पेपरच्या कपट्यात नीट गुंडाळलेलं.

"परक्याचं टोक तोंडात धरायचं म्हणजे याला कसंतरीच वाटतं गं," बाबा म्हणाले.

"पण स्क्रू फिरत होता ना?"

"फिरत होता की. अगदी सहज."

मी टोक डबीत ठेवलं. आईने चकल्यांचा डबा व्हेंटिलेटरमधून आत दिला. मी चपला घालायला लागले तेव्हा बाबांनी आतून हाक मारली.

"जाताना दार नीट लावून घे. उघडं घर बरं दिसत नाही."

मी लावून घेतलं.